माझा अनुभव: १२०० कॅलरी हा आकडा माझा नव्हताच

सदाशिव पेठेत मी डबे देते. खाणारी बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं. सकाळी वीस डबे, संध्याकाळी पंधरा-सोळा. पहाटे पाचला कणीक भिजवायला घेते, साडेदहाला डबे दारात लागतात. वय ४२, उंची १५७ सेंटीमीटर. जानेवारीत गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे गेले, तेव्हा वजन भरलं ७४ किलो. त्यांनी रक्तही तपासायला सांगितलं. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी ती तपासणी असते ना, एचबीए१सी, ती ६.१ आली. ५.७ च्या खाली असली तर ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी मधल्या पट्ट्यात होते. माझ्या आईला पन्नाशीत मधुमेह निघाला आणि तिच्या पायाची एक जखम भरायला सहा महिने लागले होते. ते सगळं मी जवळून पाहिलंय. त्यामुळे ६.१ हा आकडा मला फार लागला.

डॉक्टर म्हणाले, "ताई, वीस किलोचा विचार आत्ता करूच नका. सात टक्के उतरवा." म्हणजे पाच किलोपेक्षा जरा जास्त. अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला होता, २००२ साली त्याचे निकाल आले, असंही त्यांनी सांगितलं. त्यात ज्यांना वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालायचं असं उद्दिष्ट दिलं होतं, त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. पाच किलो ऐकून मला हुरूप आला. घरी येताना वाटत होतं, पाचच तर आहेत, महिन्यात उतरतील.

लेकीने मोबाईलवर एक ॲप घालून दिलं. वय, उंची, वजन भरलं. पुढचा प्रश्न होता, काम कसं आहे? मी म्हटलं, मी तर घरीच असते. म्हणून तिने पहिला पर्याय दाबला, बैठं काम. मग विचारलं, आठवड्याला किती वजन कमी करायचंय? मी सगळ्यात मोठा आकडा निवडला, एक किलो. पडद्यावर उत्तर आलं, दिवसाला १२०० कॅलरी. तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि देवाला उदबत्ती लावून सुरुवात केली.

पहिल्या तीन आठवड्यांत वजन २.८ किलोंनी उतरलं. मी भात सोडला, पोळ्या दोनवर आणल्या, रात्री काकडी आणि वाटीभर आमटी. पण त्याच तीन आठवड्यांत दुपारी डोकं ठणकायला लागलं, पोट साफ होईना आणि एका मुलाने "काकू, भाजी जरा कमी पडली" एवढंच म्हटलं, तर त्याच्यावर मी ओरडले. तो बिचारा सॉरी म्हणून गेला. एका सकाळी दहा लिटरचा कुकर उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी आली. हातात कुकर, बाजूला उकळतं तेल. तो क्षण आठवला की आजही हात गार पडतात. मग रात्री अकराला सगळे झोपल्यावर चिवड्याची बरणी उघडायची, उभ्याउभ्या खायचं, सकाळी वाईट वाटून चहावर काढायचं, असं सुरू झालं. फेब्रुवारी संपता संपता काट्यावर परत ७३.६. माझ्या मनाची अशी खात्रीच झाली की माझ्यात निग्रह नाही.

ओळखीच्या एका बाईंनी आहारतज्ज्ञ मॅडमचं नाव सांगितलं. त्यांनी आधी १२०० कुठून आले हे विचारलं, मग माझ्यासमोर कागदावर हिशोब मांडला. तो मी इथे जसाच्या तसा देते, कारण माझा सगळा गैरसमज त्या कागदावर उलगडला.

बायकांसाठी सूत्र असं: वजन गुणिले १०, अधिक उंची सेंटीमीटरमध्ये गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, वजा १६१. (पुरुषांना शेवटी १६१ वजा करण्याऐवजी ५ मिळवायचे.) याला मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र म्हणतात. माझे आले साधारण १३५०. म्हणजे मी दिवसभर नुसती पडून राहिले, तरी हृदय, फुफ्फुसं, मेंदू चालायला एवढं लागतंच. यावर हालचालीचा गुणाकार. बैठ्या माणसाला १.२, हलकी हालचाल असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. ॲपने मला बैठं धरलं, म्हणून १३५० गुणिले १.२, म्हणजे १६२०. आता आठवड्याला एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, रोजच्या ११०० झाल्या. १६२० मधून ११०० वजा केले तर उरतात ५२०!

"५२० वर माणूस ठेवता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून ॲपने तुम्हाला त्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर उभं केलं. बायकांना १२०० च्या खाली जायचं नाही, अशी ती पायरी असते. ते तुमचं उत्तर नव्हतं."

मी तो कागद बराच वेळ बघत बसले. महिनाभर मी जो आकडा स्वतःचा समजून त्याच्यासाठी झगडत होते, तो माझ्या वजनावरून आलाच नव्हता. कोणतीही बाई एक किलोचा पर्याय निवडती, तर बहुतेकींना तोच मिळाला असता.

त्यांनी मला लगेच नवा आकडा दिला नाही. चौदा दिवस जसं खाता तसंच खा, पण सगळं मोजून लिहा, आणि रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर वजन करा, एवढंच सांगितलं. वजन जागच्या जागी राहिलं तर जे खाल्लंत तोच तुमचा रोजचा खर्च. सूत्र अंदाज सांगतं, वही खरं सांगते, असं त्यांचं म्हणणं.

इथे मात्र माझा धंदा कामाला आला. पातेल्यात किती जातं हे मला पाठ असतं. ॲप एका वाटी भाजीला ९० कॅलरी धरत होतं. मी माझं पातेलं मांडलं. वीस डब्यांच्या रस्सा भाजीला तेल साडेतीनशे मिली, वजनाने ३२० ग्रॅम, म्हणजे माणशी १६ ग्रॅम. तेलाच्या पिशवीवर छापलेलंच असतं, १०० ग्रॅमला ९००. झाले १४४. दाण्याचं कूट पाव किलो, माणशी साडेबारा ग्रॅम, त्याचे सत्तरेक. भाजी अजून धरलीच नाही आणि वाटी दोनशेच्या पुढे गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमच्याकडे दोन वेळच्या भाजीतच ३२ होत होतं, पोळीला लावायचं वेगळं.

भाताचं नेमकं उलटं निघालं. मी शिजवलेला भात तोलत होते आणि आकडा कच्च्या तांदळाचा लावत होते. कच्चा तांदूळ १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, पण शिजल्यावर त्यात पाणी भरतं, १०० ग्रॅम भात जेमतेम १३०. दीडशे ग्रॅम भाताला मी सव्वापाचशे धरून घाबरले होते, तो होता दोनशेसुद्धा नाही. महिनाभर मी उगाच भाताला पारखी झाले. आम्ही आंबेमोहोर खाणारी माणसं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पोळीसाठी गोळा तोलला. ५० ग्रॅमच्या गोळ्यात कणीक ३० ग्रॅम, बाकी पाणी. पोळीचे साधारण १००, घडीला आणि वरून मिळून चमचाभर तेल-तूप लागलं तर आणखी ४५.

आणि चव बघणं. हे कुठल्याच ॲपमध्ये नाही. आमटीचा घोट, भाजीची फोड, कोशिंबिरीचं बोट, पोळी फाटली की ती गरम गरम तोंडात. मॅडमना मी म्हटलं, त्याचं काय मोजणार? तर त्या म्हणाल्या, ओट्यावर एक रिकामी वाटी ठेवा, जेवढं तोंडात जाईल तेवढंच त्या वाटीत टाका. मी तसं केलं. साडेदहाला दोन वाट्या भरल्या होत्या. हिशोब केला तर २८० च्या घरात. हे माझं रोजचं न जेवलेलं जेवण होतं. माझ्यासारखं जिचं आयुष्य ओट्यापाशी जातं तिने एक दिवस तरी ही वाटी ठेवून बघावी, हे मी कळकळीने सांगते.

चहा दिवसाला चार कप. म्हशीचं दूध ६० मिली, साखर दोन चमचे. कपाला शंभरच्या थोडं वर, चारांचे ४२० धरा.

चौदा दिवसांची बेरीज आली २८,७००. रोजचे २०५०. वजन त्या चौदा दिवसांत ७३.४ ते ७३.९ मध्येच फिरलं. १३५० ला २०५० करायला जवळजवळ दीडने गुणावं लागतं, म्हणजे मी बैठी बाई मुळीच नव्हते. सहा तास उभं राहून पातेली उचलणं हे काम आहे, आणि ते काम म्हणून भरायला हवं होतं. घरी असणं म्हणजे बसून असणं असं मी स्वतःच धरून चालले होते, हे मला जास्त टोचलं.

मग लक्ष्य ठरलं: २०५० वजा ४००, म्हणजे १६५०. आठवड्याला २८०० ची तूट, साधारण ३५० ग्रॅम. सव्वापाच किलोला पंधरा आठवडे. मी म्हटलं, इतके? मॅडम म्हणाल्या, "तुम्ही पहाटे पाचला उठून कामं करता. ती करून जे जमेल तेच धरायचं." मला साखरेच्या गोळ्या सुरू नव्हत्या. असत्या, किंवा इन्शुलिन असतं, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करायचं नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते, हे त्यांनी बजावून सांगितलं. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने तर हे करायचंच नाही.

चारशे कुठून काढायचे हे वहीनेच दाखवलं. चहा दोन कप, एकेक चमचा साखर, तिथे अडीचशे वाचले. चव बघायला आता चहाचा चमचा वापरते आणि फाटलेली पोळी माझ्या डब्यात ठेवून नंतर जेवणात धरते, तिथे १८० वाचले. भाजीचं तेल ३५० वरून २२० मिलीवर आणलं, कांदा झाकण ठेवून मंद आचेवर परतायचा, लागला तर पाण्याचा हबका. दोन वेळचे मिळून शंभरेक. तर्री कमी झाली का असं दोन मुलांनी विचारलं, बाकीच्यांना कळलंही नाही. बेरीज पाचशेच्या वर गेली. म्हणून वरचे १३० मला परत मिळाले, त्यात एक अंडं आणि वाटीभर दही आलं. प्रथिनं साठ ग्रॅमच्या आसपास ठेवायची होती, म्हणजे वजन उतरताना स्नायू कमी झिजतात. त्यासाठी आमटी घट्ट केली आणि मटकी, चवळी, सोयाबीनची उसळ आठवड्यातून चार वेळा. भात परत ताटात आला.

गुढीपाडव्याला सुरुवात केली. श्रीखंड खाल्लं आणि लिहिलं. रोजचा हिशोब जुळला नाही तर जीव घाबरा व्हायचा, म्हणून मी भाजीवाल्याच्या खात्यासारखी आठवड्याची बेरीज धरायला लागले, ११,५५०. एक दिवस दोन हजार झाले तर उरलेल्या सहा दिवसांत थोडं थोडं वळवायचं, उपाशी राहायचं नाही. आषाढी एकादशीला ते उपयोगी पडलं. साबुदाणा ७५ ग्रॅम, कूट २५, बटाटा, दोन चमचे तूप, अशी ताटली साडेपाचशेला टेकते. त्या दिवशी मी ती एकदाच खाल्ली, रात्री ताक आणि भगर.

सहाव्या-सातव्या आठवड्यात काटा हललाच नाही, उलट किलोभर वर गेला. रडू आलं. लेकीने वहीतल्या तारखा बघितल्या आणि म्हणाली, "आई, पाळीच्या आधीचे दिवस आहेत, मागच्या महिन्यातही असंच झालं होतं." अंगात पाणी साठतं ते. तेव्हापासून मी रोजचं वजन लिहिते, पण बघते ती सात दिवसांची सरासरी, आणि तीही महिन्यापूर्वीच्या त्याच आठवड्याशी लावून. संध्याकाळी अर्धा तास चालते. मनगटावरचं घड्याळ त्याच्या कॅलरी दाखवतं, त्या मी हिशोबात धरत नाही. २०५० मध्ये माझी हालचाल आधीच आली आहे.

सोळा आठवड्यांनी वजन ६८.७. एचबीए१सी ५.८. कुकर उतरवताना मला आता भिंतीला हात लावावा लागत नाही.

आकडा पुन्हा मांडला. शरीर पाच किलोंनी हलकं झालं की खर्चही घटतो, माझा साधारण ७५ ने घटला. मॅडम म्हणाल्या, लगेच पुढची तूट नको, थोडे दिवस या वजनावर राहायला शिका. म्हणून गणपतीपर्यंत १९५०. उकडीच्या मोदकाचा हिशोब वहीत करून ठेवलाय: पिठी १५ ग्रॅम, ओलं खोबरं १५, गूळ १०, मिळून दीडशे, तूप वेगळं. चतुर्थीला ताटात दोन धरलेत, तुपासकट.