पाठ नको, मॅडम

गोरेगावच्या नेस्को प्रदर्शन केंद्रात, कॉस्प्लेच्या मेळाव्यात शिरल्यावर पहिला अर्धा तास माझ्याकडून एकही धड फोटो निघाला नाही. सतरा वर्षं लग्नं आणि नाटकं टिपते आहे, त्यामुळे गर्दी आणि वेशभूषा मला नवी नाही. घोळ घातला तो छताच्या दिव्यांनी. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून असले दिवे सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही. पण शटर जलद ठेवलं की एका फोटोत चेहरा पिवळट येतो, पुढच्यात हिरवट, आणि तिसऱ्यात कपाळावरून आडवा काळपट पट्टा गेलेला असतो. शटर १/१०० वर आणलं तेव्हा कुठे रंग जागेवर बसले.

एका दिवाळी अंकासाठी मला कॉस्प्लेवर छायाचित्रमालिका करायची होती. अ‍ॅनिमेमधल्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांमधल्या, पात्रांचे वेश स्वतः शिवून, चिकटवून, रंगवून अंगावर घालणारी ही मुलं. संपादकांनी सांगितलं होतं, "रंगीबेरंगी काहीतरी आणा." मीही तेवढ्याच तयारीने गेले होते.

पहिली चूक सकाळी अकराच्या सुमाराला झाली. एक मुलगी खांबाला टेकून खाली बसली होती. डोक्यावर कमरेपर्यंत येणारा जांभळा विग, मांडीवर खांद्याचं चिलखत, आणि त्याचा सुटलेला पट्टा ती ग्लू गनने चिकटवत होती. चिलखत फोम शीटचं. तुटलेल्या कडेशी आतला पांढरा फोम दिसत होता आणि त्यावर फेव्हिकॉलचे वाळलेले थर. फोमची भोकं बुजवून रंग नीट बसावा म्हणून बरेच जण आधी फेव्हिकॉलचे तीन-चार हात देतात, हे तिनेच मला नंतर सांगितलं. दृश्य इतकं छान होतं की मी विचारण्याआधीच बटण दाबलं.

ती उठून माझ्याकडे आली. आवाज न चढवता म्हणाली, "ताई, मी आत्ता कॅरेक्टरमध्ये नाहीये. तो फोटो डिलीट कराल का?"

मी तिच्यासमोर तो पुसला. मनातून फार ओशाळले. नाटकाच्या रंगपटात अर्धा मेकअप झालेल्या नटावर विचारल्याशिवाय कॅमेरा रोखायचा नसतो, हे मी पहिल्या वर्षापासून पाळत आले आहे. इथे मात्र सगळा हॉल म्हणजे रंगमंच असं मी धरून चालले होते. या मुलांचा रंगपट कुठे सुरू होतो ते मला दिसलंच नव्हतं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉन या चित्रकथाप्रेमींच्या मेळाव्यात 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' असे फलक लावले होते, तो मजकूर मी कधीतरी वाचलाही होता. वाचलेलं हातापर्यंत पोचायला अशी एखादी मुलगी समोर यावी लागते.

पट्टा चिकटल्यावर तिने स्वतःहून हाक मारली. पोझ तिची तिने घेतली; हनुवटी कुठे, भाला किती तिरका, सगळं ठरलेलं. मग तिने मला इथली पद्धत सांगितली. आधी विचारायचं. पात्र ओळखता आलं नाही तर सरळ नाव विचारायचं, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. काढलेला फोटो तिथल्या तिथे दाखवायचा. कुणी जेवत असेल, विग काढून बसलं असेल, तर कॅमेरा खाली. आणि गुडघ्यावर बसून खालून वर फोटो घेणाऱ्यांपासून आम्ही एकमेकींना सांभाळतो, हे तिने जरा थांबून सांगितलं. दुपारी तसा एक इसम मी पाहिलाही. चार मुली काही न बोलता त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या आणि तो निघून गेला. त्या चौघींचा फोटो मी काढला नाही, पण डोळ्यांसमोर तो अजून आहे.

दुपारपर्यंत मी अकरा तान्जिरो मोजले होते. 'डेमन स्लेअर' ही मालिका २०१९ मध्ये सुरू झाली. तिचा नायक तान्जिरो हिरव्या-काळ्या चौकड्यांचा हाओरी घालतो. हाओरी म्हणजे किमोनोवरून घालायचा सैल अंगरखा. त्या चौकड्यांना जपानीत इचिमात्सु म्हणतात. अठराव्या शतकात सानोगावा इचिमात्सु नावाच्या काबुकी नटाने रंगमंचावर तशा नक्षीचं वस्त्र घातलं, लोकांनी ते उचललं आणि नक्षीला त्याचंच नाव चिकटलं. नाटकवाल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. तर त्या अकराही जणांचे चौकडे छापील होते, चकचकीत पॉलिस्टरवर. फोटोत ठीक दिसतात. दोन काढून मी पुढे सरकत होते.

बारावा मुलगा कराडचा. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरून, लोकलने इथे आलेला. वेश पिशवीत घालून आणला होता आणि इथल्या चेंजिंग रूममध्ये बदलला होता. "कॉमिकेटला घरनं वेश घालून यायची परवानगी नसती, म्हणून आम्ही पण तसंच करतो," असं त्याने सांगितलं. कॉमिकेट म्हणजे तोक्योत १९७५ पासून भरणारी स्वप्रकाशित चित्रकथांची जत्रा, वर्षातून दोनदा. तिथे एखाद्या कॉस्प्लेअरभोवती फार छायाचित्रकार जमले की गोल करून उभे राहतात, कुणीतरी दहापासून उलटे आकडे मोजतं, आणि शून्याला सगळे एकदम मागे होतात. या मुलाभोवतीही सात-आठ जण जमले होते. त्याचा मामेभाऊ खणखणीत मराठीत मोजत होता: दहा, नऊ, आठ. शून्याला खरोखरच सगळे पांगले.

मी थांबले, कारण त्याचे चौकडे छापील नव्हते.

बाहीजवळ डोळे नेले तर प्रत्येक चौकोन वेगळा कापलेला आणि जोडलेला. जोडावरून बारीक धावदोरा. सुती कापड, आत जुन्या लुगड्याचा थर. मी विचारलं, "हे कुणी शिवलं?"

"आज्जीनं. तिला चित्र दाखवलं तर म्हणली, ही तर वाकळ हाय, दे इकडं."

एकशे बारा चौकोन. त्याने मोजले होते. काळं पॉपलीन विकत आणलं होतं, हिरवा रंग आज्जीच्या दोन लुगड्यांतला. कपाळावरचा व्रण लिपस्टिकचा, कानातली पत्त्यांच्या आकाराची, रंगवलेल्या कार्डशीटची, तलवार फोमची. प्रवेशाच्या वेळी ती तपासून घेतलेली. आणि पाठीवर पेटी, मालिकेतला तान्जिरो आपल्या बहिणीला आत ठेवून वागवतो तशी. दिवसभर त्याने पेटी उतरवली नव्हती. खांदे भरून आले म्हणून एकदाची खाली ठेवली आणि वळला, तेव्हा मला पाठ दिसली.

पाठीचा हिरवा पुढच्यापेक्षा वेगळा होता. धुऊन धुऊन विटलेला, जरा पोपटीकडे झुकणारा. मधल्या एका ओळीत काठाची पिवळी रेघही आली होती. वाकळ शिवणाऱ्या बाईचा हात तिथे पूर्ण मोकळा सुटला होता. टाके पुढच्यापेक्षा दाट आणि एका चालीचे, कडेकडून आत आत येत गेलेले.

"जरा असाच पाठमोरा उभा राहशील का?"

"पाठ नको, मॅडम. पाठीचा रंग चुकलाय."

त्याने फोटो टाकल्यावर कुणीतरी खाली लिहिलं होतं म्हणे, की रंग बरोबर नाही. एका लुगड्याचं कापड पुढच्या बाजूलाच संपलं, मग पाठीला दुसरं लागलं. तेव्हापासून पेटी पाठीवर.

मी कॅमेरा खाली घेतला. सकाळचा धडा ताजा होता. एवढंच म्हणाले, "तुझ्या आज्जीची शिलाई पुढून दिसत नाही रे. पाठीवर दिसते. तुला नको असेल तर नाही काढणार." आणि खरंच बाजूला जाऊन पाणी प्यायले.

तो मामेभावाशी काहीतरी बोलला. पेटीकडे बघितलं. मग आला. "दोनच काढा."

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला असता तर ती पाठ सपाट झाली असती, अकरा छापील हाओरींसारखी. फ्लॅश काढून मी मामेभावाच्या हातात दिला, त्याला कडेला भिंतीशी उभं केलं आणि उजेड कापडाला जवळजवळ समांतर येईल असा धरायला लावला. असा तिरपा उजेड कापडावरून सरपटत जातो. प्रत्येक टाक्याशी कापड दबलेलं, दोन टाक्यांच्या मध्ये फुगलेलं, आणि त्या प्रत्येक फुगवट्याची पलीकडे केसाएवढी सावली. पहिल्या फोटोत उजेड जास्त झाला. दुसऱ्यात एकशे बारा चौकोनांपैकी पाठीवरचा एकेक उमटला. विटलेला हिरवा, चांगला हिरवा, काठाची रेघ, सगळं.

त्याला स्क्रीन दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग आपल्या मोबाइलने कॅमेऱ्याच्या स्क्रीनचाच फोटो काढला आणि म्हणाला, "आईला पाठवतो. ती दाखवील." त्यानंतर त्याने पेटी पाठीवर घेतली नाही, हातात धरून हिंडत होता.

संध्याकाळी मला त्याच्याकडून मूळ फोटो मागणारा मेसेज आला, तो मी घरी जाऊन पाठवला. साडेनऊच्या सुमाराला, तो परतीच्या महालक्ष्मीत असताना, त्याने एक आवाजी मेसेज पुढे ढकलला. म्हातारा, घाईचा आवाज, मागे टीव्ही चालू.

"डाव्या खांद्याखालचा टाका उसवलाय बग. दोरा वडू नगंस. तसाच घिऊन ये."

मी लॅपटॉपवर फोटो उघडला, डाव्या खांद्यावर मोठा केला. काळ्या चौकोनाच्या कोपऱ्यात बोटभर पांढरा दोरा बाहेर आला होता, आणि त्याचीही सावली पडली होती.