प्रेमाबिमावरचं काहीतरी चांगलं

वाचनालयात देवघेवीच्या खिडकीशी आया आवाज खाली आणून विचारतात, "मुलगी नववीत गेलीये. प्रेमाबिमावरचं काहीतरी चांगलं सुचवा ना." चांगलं म्हणजे वाईट नसलेलं. मी पुस्तकाऐवजी सिनेमा सांगते, तोही कार्टूनचा. मग पुढचा प्रश्न ठरलेला: हाच का? तर, तुम्ही विचारलंत म्हणून.

सिनेमा १९९५ चा, 'व्हिस्पर ऑफ द हार्ट'. कार्टूनचे सिनेमे काढणाऱ्या जपानच्या स्टुडिओ घिब्लीचा. पटकथा हायाओ मियाझाकींची, दिग्दर्शन योशिफुमी कोंडोंचं. कोंडो १९९८ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी गेले. दिग्दर्शक म्हणून पूर्ण लांबीचा हा एकच सिनेमा त्यांच्या नावावर राहिला.

टोक्योच्या पश्चिमेला तामाच्या टेकड्यांवर वसाहती उभ्या राहिल्या, त्या भागातली ही गोष्ट. शिझुकू चौदा वर्षांची. घर दाटीवाटीचं, मोठ्या बहिणीबरोबर एकच खोली. आई या वयात विद्यापीठात शिकतेय, वडील ग्रंथालयात नोकरीला. वाचताना शिझुकूच्या लक्षात येतं, की आपण आणलेल्या पुस्तकांच्या कार्डांवर आपल्या आधी एकच नाव असतं: सेइजी आमासावा.

इथे मी घायाळ होते, हे कबूल. आमच्याकडे कार्डावर नाव नसे, सभासद क्रमांक असे. शाळेत असताना मी न्यायची ती सगळी प्रवासवर्णनं आधी ४१२ ने नेलेली असत. वर्षभर मी त्या ४१२ ची काय काय रूपं रंगवली! शेवटी धीर करून विचारलं, तर निघाले निवृत्त तलाठी.

शिझुकूचं नशीब बरं. सेइजी तिच्याच वयाचा निघतो, आणि पहिल्या भेटीत चांगलाच आगाऊ. पण सिनेमाची खरी गाठ पुढे आहे. त्याला व्हायोलिन बनवायचं शिकायला इटलीतल्या क्रेमोनाला जायचंय, आणि आपल्याला काय करायचंय हे हिला ठाऊकच नाही. प्रेमात पडलेल्या पोरीला इथे विरह छळत नाही, लाज छळते: हा एवढा पुढे आणि मी कुठे? ती रडत बसत नाही, गोष्ट लिहायला बसते. अभ्यास बुडतो, नंबर घसरतो, बहीण कडाडते.

मग घरच्यांची बैठक. आयांना मी मुद्दाम सांगते, हा प्रसंग नीट बघा. वडील ओरडत नाहीत. म्हणतात, तुला पटतंय तसं कर, पण चारचौघांपेक्षा वेगळं जगणं सोपं नसतं, काहीही झालं तरी दोष दुसऱ्यावर ढकलता येत नाही. एवढं बोलून बैठक संपते. मी आई म्हणून असं कधी बोलले नाही. मी टीव्हीची वायर काढून ठेवली होती.

गोष्ट पुरी झाल्यावर ती पहिल्यांदा वाचतात सेइजीचे आजोबा. ते खोटं कौतुक करत नाहीत. नुकत्याच फोडलेल्या दगडासारखी आहे म्हणतात, ओबडधोबड, पण आत रत्नाचा खडा आहे. शिझुकू हमसून रडते, मग त्यांनी केलेलं गरमागरम उडोन, म्हणजे जाड शेवयांचं जपानी सूप, खाते. चौदाव्या वर्षी मला असं सांगणारं आणि वर जेवायला घालणारं कुणी भेटलं असतं तर, असं दर वेळी वाटतं.

शेवट मात्र मला पटत नाही. पहाटे टेकडीवर सेइजी थेट लग्नाचं विचारतो आणि ती हो म्हणते. अहो, अजून हायस्कूलची पायरी चढायची आहे! मुलींना तिथे हसू येतं, आया घसा खाकरतात.

परवा एक वडील पेन ड्राइव्ह परत द्यायला आले. सिनेमा आवडला म्हणाले. जाता जाता खिडकीशी थबकले.

"तो नंबर घसरला होता ना, मग पुढे ॲडमिशन मिळाली का तिला?"

ते सिनेमात दाखवलेलं नाही.