चार किलोमीटर गोट्यांसाठी वर्षभराचं ॲव्हरेज घालवू नका

‘मड टायर (चिखलासाठीचे, खोल खाचांचे) नसतील तर येऊच नका, दोन इंच लिफ्ट (स्प्रिंग बदलून गाडी उंच करणं) लागतेच, इंधनाचे डबे ठेवायला छतावर कॅरिअर हवं.’ नदीपात्रातून वरच्या तळ्यापर्यंत जाणाऱ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांच्या या वाटेबद्दल हेच ऐकायला मिळतं, आणि ते खोटं आहे. जाऊन-येऊन साधारण ४०० किलोमीटर. त्यातलं ३५० सरळ डांबर, चाळीसेक धुळीचा कच्चा रस्ता. खरी परीक्षा नदीपात्रातल्या ४ किलोमीटर गोट्यांची आणि त्यांना लागून असलेल्या खड्या चढाची, तीही जाताना एकदा, येताना एकदा. म्हणजे ८ किलोमीटरसाठी माणूस गाडीवर शंभर-सव्वाशे किलो चढवतो आणि मग रोज ऑफिसला जाताना ते ओझं वाहतो.

निकाल आधीच सांगतो. मूळ उंचीची, जमिनीपासून २०० ते २२० मिमी क्लिअरन्सची, लो रेंज (हळू पण जास्त जोराचे गिअर) असलेली गाडी ऑल-टेरेन टायरवर (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणाऱ्या) इथून जाते. लागतात तीन गोष्टी: चेंबरखाली (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) धातूची प्लेट, हवेचं गेज आणि बॅटरीवर चालणारा पंप. बाकी हौस.

लिफ्टची बाजू घेणाऱ्यांना एकच विचारावं: मागे सलग ॲक्सल असेल तर डिफरन्शियलचा गोळा (ॲक्सलच्या मधला, चाकांना ताकद वाटणारा) लिफ्टने किती वर जातो? शून्य. स्प्रिंग बॉडीला उचलते, ॲक्सल जमिनीपासून तिथेच राहतो. गोळा वर जातो तो फक्त टायर मोठा केला तर, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्मा. २३५/६५ आर १७ काढून २४५/७० आर १७ घातला की व्यास ७३७ वरून ७७५ मिमी होतो, म्हणजे गोळ्याखाली मिळाले १९ मिमी. त्या बदल्यात प्रत्येक गिअर ५ टक्क्यांनी लांब होतो, म्हणजे जोर तेवढा कमी. चढावर लो रेंजचा पहिला गिअर जितका आखूड तितका बरा, आणि तोच इथे बिघडतो. मग हाफ क्लच, मग क्लच जळल्याचा वास.

मोठ्या टायरमुळे ॲव्हरेजचा हिशोबही फसतो. मीटरवर १०० किलोमीटर दिसतात तेव्हा गाडी १०५ गेलेली असते. ॲव्हरेज १२ टक्क्यांनी पडलं अशी ओरड होते, त्यातले ५ टक्के निव्वळ मीटरचे असतात. डॅशबोर्डच्या आकड्यावर विसंबू नका. त्याच पेट्रोल पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, पुन्हा तशीच भरा, आणि मीटरच्या किलोमीटरला १.०५ ने गुणून मग लिटरने भागा.

आता डांबर. इथेच इंधन जळतं, गोट्यांत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी ११० ने गेलात तर तो जवळपास १.९ पट. उंच, चौकोनी गाडीला हे जास्तच झोंबतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार छतावरची मोठी पेटी ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगाला १० ते २५ टक्के इंधन खाते, तर साधारण ४५ किलो जादा वजन १ टक्का. म्हणजे सगळ्यांत महागडी वस्तू बंपर किंवा विंच (अडकलेली गाडी ओढणारं यंत्र) नसून ते कॅरिअर आहे. रिकामं असलं तरी खातं. बोल्ट खोलून घरी ठेवा, सामान मागच्या सीटवर टाका.

वर्षाला १५,००० किलोमीटर चालणारी गाडी १२ च्या ॲव्हरेजला १,२५० लिटर पिते, साडेदहाला १,४३० च्या आसपास. हे १८० लिटर त्या ८ किलोमीटरच्या नावावर मांडा आणि मग मड टायर घ्या.

पात्रात उतरण्याआधी कडक, सपाट जागा येते. तिथेच थांबा, पुढे वळायलाही जागा नाही. थंड असताना ३३ पीएसआय भरलेले टायर हायवेवरून आल्यावर ३६-३७ दाखवतात. ते २४ वर आणा, म्हणजे थंड झाल्यावर २२ च्या आसपास राहतील. हवा कमी झाली की टायरचा टेकणारा भाग लांब होतो, टायर दगडाला धरतो आणि गाडी गोट्यावरून गोट्यावर उड्या मारत नाही. फरक पहिल्या पन्नास मीटरमध्ये कळतो. काहीजण १५ पर्यंत उतरवतात. ते वाळूत ठीक आहे. इथले दगड धारदार आहेत. हवा फार कमी केली की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) बाहेर फुगते आणि तिथेच चिरते. ट्रेडमधलं पंक्चर प्लगने भागतं, साइडवॉलचं नाही. स्टेपनी पूर्ण मापाची नसेल तर येऊ नका. हवेचा इशारा देणारा दिवा लागेल, लागू द्या.

लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला. मोठा गोटा दोन चाकांच्या मधे घेण्याचा मोह होतो आणि चेंबर तिथेच फुटतो. चाक गोट्याच्या डोक्यावर चढवा. जुन्या चाकोऱ्यांवर विश्वास ठेवू नका, त्या जास्त उंच गाड्यांनी पाडलेल्या आहेत. गाडी तिरकी होऊन तिरप्या रेषेतल्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं हवेत गेली की लोक घाबरून रेस सोडतात. सोडू नका. ट्रॅक्शन कंट्रोल फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्याकडे देतं, त्याला दोन-तीन सेकंद लागतात. तेवढा वेळ रेस हलकी पण स्थिर ठेवा. डिफ लॉक (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारा) असेल तर अडकण्याआधी, चाकं सरळ असताना लावा आणि पार झाल्यावर लगेच काढा.

पाणी काठीने चालत जाऊन मोजा. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या खोलीपेक्षा जास्त असेल तर परत फिरा; इंजिनाने पाणी ओढलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. उतरण्याआधी दहा मिनिटं थांबा. तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदर (हवा ये-जा करणारी नळी) खराब असेल तर पाणी आत खेचलं जातं. नंतर तेल दुधाळ दिसलं तर हेच झालं. बाहेर आल्यावर ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबून वाळवा.

चढावर मधे गिअर बदलू नका. इंजिन बंद पडलं तर न्यूट्रल करून मागे येणं हा उलटण्याचा मार्ग आहे. ब्रेक धरा, लो रेंजमध्येच रिव्हर्स टाका, इंजिनाच्या जोरावर सरळ मागे या.

या पट्ट्यात इंधन किलोमीटरवर मोजण्यात अर्थ नाही, तासावर मोजा. तासाला ३-४ लिटर आणि जाता-येता मिळून तीन तास धरा. टाकीत १५ लिटर राखीव असले की कॅन वाहायची गरज नाही.

वरचा मुक्काम, तळं, सकाळ, सगळं छान आहे. त्याला सल्ला लागत नाही.

परतताना घाई होते, अंग मोडलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच चूक होते: २२ पीएसआयवर लोक हायवेला लागतात. टायर तापतो, फुटतो, आणि ॲव्हरेज तर जातंच. पंप लायटरच्या सॉकेटला लावू नका, फ्यूज उडतो. क्लिपा थेट बॅटरीला लावा, इंजिन चालू ठेवा, दोन टायर झाले की पंपाला थोडं गार होऊ द्या. टायर अजून कोमट असतील तर ३५ पर्यंत भरा आणि सकाळी थंड असताना पुन्हा बघा.

सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या ॲक्सलना वेगळ्या वेगाने फिरू देणारा) नसलेल्या गाडीत कोरड्या डांबरावर फोर-व्हील ठेवलं तर पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांशी भांडतात. लिव्हर निघत नसेल तर चार-पाच मीटर सरळ मागे घ्या, सुटतो. डिझेल गाडीत पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असेल तर हळू चालून त्यात काजळी साचलेली असते. मोकळ्या रस्त्यावर २० मिनिटं न थांबता ६० च्या वर चालवा. ८० ला स्टिअरिंग थरथरलं तर अलाइनमेंटला धावण्याआधी रिमच्या आतला चिखल खरवडून काढा. चेंबरच्या प्लेटवर साचलेला चिखलही त्याच वेळी धुवा, आणि एअर फिल्टर उघडून झटका.