कान्हेरीला जाताय? आधी बस शोधा

मुंबईतल्या नॅशनल पार्कमधली कान्हेरीची बौद्ध लेणी मी पाचवीत शाळेच्या सहलीला पाहिली होती. बसमधून उतरलो, पायऱ्या चढलो, डबा खाल्ला, एवढंच आठवत होतं. सहलीची बस पार पायथ्यापर्यंत गेली होती, हे मात्र साफ विसरलो होतो. तिथेच फसलो.

ढापण्या (शाळेतलं नाव, आता लेन्स लावतो तरी तेच) जुलैत हैदराबादला नोकरीवर रुजू होतोय. माझी एम.कॉम.ची शेवटची परीक्षा एप्रिलात. नंतर दोघांच्या रजा काही जुळायच्या नाहीत, म्हणून मार्चमध्ये दोन दिवस काढले. त्यातल्या एका दिवशी फोर्ट, बाणगंगा आणि राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. मजेत झालं. संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि घारापुरीचा दगडी हत्ती त्याच्या आवारात उभा आहे, तो बघाच. बाकी त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता कान्हेरी. बोरिवली पूर्वेला उतरून नॅशनल पार्कच्या गेटपर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं. गेटबाहेर एकाने गाठलं. "आज बस बंद आहे, दोघांचे चारशे द्या, गाडीने सोडतो." आम्ही ताठ्यात म्हणालो, चालत जाऊ. एवढंसं तर आहे!

एवढंसं नाही. गेटपासून लेणी जवळपास सहा किलोमीटर. डांबरी रस्ता, शेवटी चढ. अकराच्या उन्हात डांबर खालून भाजतं आणि पानगळीमुळे सावली नावालाच. ढापण्याने ऑफिससाठी घेतलेले काळे बूट 'जरा सैल होतील' म्हणून घातले होते. तिसऱ्या किलोमीटरला टाच सोलली. चौथ्याच्या आसपास मागून हॉर्न वाजला, आम्ही बाजूला झालो आणि बस आमच्या अंगावर धुरळा उडवत निघून गेली. निम्मी रिकामी! त्यावर मी काय बोललो ते इथे लिहीत नाही.

तेव्हा ऐका. बसची चौकशी गेटच्या आत, तिकीट खिडकीवर करा, बाहेर कुणाचंही ऐकू नका. सुटायला वेळ लागला तरी थांबा. चालायची हौस असेल तर सकाळी गेट उघडताच निघा. पाणी माणशी दोन लिटर. सोमवारी लेणी बंद. पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं, दुसरं वर गेल्यावर काढायचं. खाऊची पिशवी हातात ठेवाल तर माकडं नेतील. आमची चिक्की गेली.

लेणी शंभरावर आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, मात्र चुकवायचं नाही. ओसरीच्या दोन्ही टोकांना वीसेक फुटी उभे बुद्ध, आत स्तूप. काही खांबांवर हत्ती-माणसं कोरलेली, काही नुसतेच अष्टकोनी सोडून दिलेले. "यांचंही सबमिशन राहिलं," ढापण्या म्हणाला. मग अकरा नंबर, एक्केचाळीसमधला अकरा डोक्यांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, आणि जीव उरला तर नव्वद नंबर. हजार वर्षांपूर्वी येऊन गेलेल्या पारशांचे पहलवीतले, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख तिथे आहेत.

मला सगळ्यात आवडलं ते पाणी. कातळात बोटभर खोल पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी उतारावरून गोळा करून टाकीत सोडणाऱ्या. या टाक्यांना इथल्या शिलालेखांत पोढी म्हटलंय. मी एका पन्हळीत बोट घालून टाकीपर्यंत गेलो, कुठेही अडकलं नाही. ढापण्या तोवर बूट काढून कातळावर बसला होता आणि कातळही तापलाय म्हणून परत घालत होता.

निकाल: लेण्यांना दहापैकी नऊ, रस्त्याला शून्य. तीन तास हाताशी ठेवा, लेण्यांत. रस्त्याचे वेगळे.

परतताना मुकाट्याने बस धरली. तीच होती. ड्रायव्हरने आम्हाला ओळखलं. "सकाळी तुम्हीच ना चालत होता? हात दाखवला असता तर थांबवली असती."

बोरिवली स्टेशन येईपर्यंत ढापण्या माझ्याशी एक शब्द बोलला नाही.