डिकन्सचं वाचनाचं टेबल, एकास बारा: टेबल झालं, आता दिवे

मंडळी, टेबल उभं राहिलं! नव्यांसाठी थोडक्यात: इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स स्वतःच्या पुस्तकांचं जाहीर वाचन करायचा. त्याच्या दुसऱ्या अमेरिका दौऱ्यातला, न्यूयॉर्कच्या स्टाइनवे हॉलमधला मंच मी छोट्या प्रतिकृतीत, मूळ मापाच्या बाराव्या हिश्शात करतेय. २ डिसेंबर १८६७ ला बोस्टनला सुरू झालेला हा दौरा २० एप्रिल १८६८ ला याच हॉलमध्ये संपला. ७६ वाचनं, पदरात सुमारे १९,००० पौंड. परदेशी लेखकाला तिथे तेव्हा कॉपीराइट नव्हता, पुस्तकं सर्रास फुकट छापली जायची. आवाज मात्र कुणाला छापता येईना!

टेबलाचा आराखडा स्वतः डिकन्सचा. आधीच्या भरीव टेबलामागे माणूस झाकला जायचा, म्हणून याचे पाय मुद्दाम बारीक. एकटा माणूस वीसेक पात्रं उभी करणार, तर तो नखशिखांत दिसायला नको का? मूळ टेबल लंडनच्या डिकन्स संग्रहालयात आहे. माझे पाय सागाच्या पट्टीतून तासलेत. इतक्या बारीक कामात बाल्सा या हलक्या, मऊ लाकडावर माझा भरवसा नाही. वर डाव्या कोपराला टेकू म्हणून ठोकळा, बाजूला पाण्याच्या ग्लासाची फळी.

टेबलावरच्या मखमलीनं मात्र घाम काढला. दुकानातली मखमल या मापात गोधडीसारखी दिसते. शेवटी लाल मखमली रिबन घेतली आणि तिची लव दाढीच्या ट्रिमरनं उतरवली. झालरीसाठी रेशमी धागे पातळ फेविकॉलमध्ये बुडवून उवांच्या फणीनं विंचरले, वाळल्यावर एका रेषेत कापले. फणी नवीन होती, काळजी नसावी.

आता दिवे. डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना गॅसचे नळ, वर पत्र्याचा परावर्तक, मागे गडद पडदा. सगळा उजेड चेहऱ्यावर आणि हातांवर. अमेरिकेआधी इंग्लंडातल्या एका वाचनात परावर्तक धरून ठेवणारी तांब्याची तार ज्योतीनं लालबुंद झाली होती. तुटली असती तर पत्रा थेट पुढच्या रांगांत. आपल्या एलईडीला ती भीती नाही, पण वॉर्म व्हाइटसुद्धा फार पांढरा पडतो. त्यावर नारिंगी ग्लास पेंटचा एक हात दिला, बरा वाटतोय.

मध्यंतरासाठी कडक, गरमागरम बीफ टीचा (चहा नव्हे, गोमांसाचं पातळ सार) कप करणार आहे. या दौऱ्यात डिकन्सला जेवण जाईना: सकाळी सातला साय आणि रम, तीनला शॅम्पेन, आठला पाच कमी असताना शेरीत फेटलेलं अंडं आणि मग मंचावर. प्रकृतीचं काय झालं असेल ते दिसतंच आहे.

राहिली डिकन्सची मूर्ती. निरोपाच्या वाचनाआधी दोनच दिवस, न्यूयॉर्कच्या डेल्मोनिको रेस्टॉरंटमधल्या मेजवानीला तो सुजलेल्या पायाला पट्टी बांधून, लंगडत, उशिरा पोचला होता. म्हणून उजवा पाय हलका, भार डाव्यावर असं उभं करायचंय. पॉलिमर क्लेमध्ये (भाजून घट्ट होणारी कृत्रिम माती) अशी ढब कुणी साधली आहे का? आत तार किती गेजची घातलीत, आणि भट्टीत मूर्ती कलंडू नये म्हणून काय केलंत?