माझा अनुभव: विंडोजमध्ये चालणारा, बायोसमध्ये मुका राहणारा वायरलेस कीबोर्ड

विंडोज उघडल्यावर कीबोर्ड व्यवस्थित चालतो, पण मशीन चालू होताना डिलीट दाबा नाहीतर एफ२ दाबा, बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, बोर्डावरचाच प्रोग्राम आणि त्याची सेटिंग) काही उघडत नाही. एका जुन्या डेस्कटॉपवर पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकताना माझं काम इथेच अडलं. सुटेपर्यंत चार ठिकाणी थांबावं लागलं आणि चारही ठिकाणी कारण वेगळं निघालं. म्हणून क्रमाने लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे कीबोर्ड त्या क्षणी बोलतोय कशावरून? माझ्या कीबोर्डला तीन चॅनल आहेत. एकावर डोंगल, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावायचा छोटा रिसीव्हर, उरलेल्या दोनांवर ब्लूटूथ. विंडोजमध्ये तो ब्लूटूथवर होता आणि बायोसच्या दृष्टीने ब्लूटूथ कीबोर्ड जवळजवळ नसल्यातच जमा. कारण साधं आहे. ब्लूटूथची जोडणी विंडोजने जपून ठेवलेली असते, रेडिओ जागा करणारा ड्रायव्हरही विंडोजच चढवतं. बायोसकडे यातलं सहसा काहीच नसतं. ॲपलचे मॅक आणि ऑफिससाठी बनवलेली काही नवी मॉडेल्स हा अपवाद. डोंगलचं तसं नाही. डोंगल आणि कीबोर्ड आपसात काय बोलतात याच्याशी कॉम्प्युटरला देणंघेणं नसतं. त्याला डोंगल म्हणजे यूएसबीला लावलेला एक साधा कीबोर्ड दिसतो. बायोस त्याच्याकडून आठ बाइटचा ठरलेला निरोप वाचतो: पहिला बाइट कंट्रोल, शिफ्ट, ऑल्टसाठी, दुसरा रिकामा, बाकीचे सहा एका वेळी दाबलेल्या सहा बटणांसाठी. तेव्हा चॅनलचं बटण दाबून कीबोर्ड डोंगलवर आणला. फक्त ब्लूटूथवालाच कीबोर्ड असेल तर पुढची खटपट करू नका, बायोसपुरता दुसरा कीबोर्ड लावा.

डोंगलवर आणूनही बायोस उघडला नाही. आता बटण पोचत नाही, की पोचतं पण चुकीच्या वेळी, हे कळायला हवं. वायरच्या कीबोर्डवर नमलॉकचा दिवा बघून अंदाज येतो. वायरलेसवर बॅटरी वाचवायला सहसा तो दिवाच दिलेला नसतो. माझी चाचणी अशी: पडद्यावर कंपनीचा लोगो दिसला की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायचं. मशीन तिथल्या तिथे पुन्हा सुरू झालं तर कीबोर्ड जिवंत आहे आणि आपलं फक्त बटण किंवा वेळ चुकते आहे. काहीच झालं नाही तर बायोसला कीबोर्ड बहुधा दिसतच नाही. माझं मशीन ढिम्म होतं.

मग डोंगल कुठे लावलाय ते पाहिलं. पुढच्या बाजूला निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये आणि शेजारीच लिनक्सचा पेनड्राइव्ह. यात दोन दोष आहेत. यूएसबी ३ ची देवाणघेवाण चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो, आणि डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. दुसरा दोष असा की कॅबिनेटच्या पुढचे किंवा मॉनिटरमधले पोर्ट कधी हबमधून, कधी बोर्डावर वेगळ्या बसवलेल्या चिपमधून येतात, आणि बायोस त्यांना उशिरा ओळखतो किंवा ओळखतच नाही. डोंगल मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावला. मागे लोखंडी पत्रा आड येत असेल तर अर्ध्या मीटरची एक्स्टेंशन वायर लावून डोंगल टेबलावर आणावा.

एवढ्यावर बदल झाला, पण अर्धवट. विंडोजमधून रीस्टार्ट केलं की कंट्रोल-ऑल्ट-डिलीट लागू व्हायचं. पूर्ण बंद करून चालू केलं की नाही. रीस्टार्टमध्ये यूएसबीचा वीजपुरवठा चालू राहतो, डोंगल जागाच असतो. पूर्ण बंद केल्यावर, विशेषतः बायोसमध्ये ईआरपी (बंद मशीनची वीज वाचवणारी सेटिंग) चालू असेल तर, पोर्टची वीजही जाते आणि डोंगलला शून्यापासून उठावं लागतं. त्यात कीबोर्डही झोपलेला असतो. पहिलं बटण त्याला जागं करण्यातच खर्ची पडतं. म्हणून पॉवरचं बटण दाबल्याबरोबर आधी दोनतीनदा स्पेसबार दाबतो, मग डिलीट सेकंदाला दोनदा या बेताने टकटक करत राहतो. दाबून धरू नये. दाबून धरलेल्या बटणाची खबर बहुधा एकदाच जाते आणि तेव्हा बायोस ऐकत नसेल तर ती वाया जाते.

तरीही पूर्ण बंद करून चालू केल्यावर हुकत होतं, कारण बायोसमधलं फास्ट बूट चालू होतं. दोनतीन सेकंद वाचवण्यासाठी ते यूएसबीची तपासणी गाळतं. काही बोर्डांवर अल्ट्रा फास्ट असतं, त्यात तर ऑपरेटिंग सिस्टिम येईपर्यंत यूएसबी कीबोर्डकडे कोणी पाहतच नाही. (विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप ही वेगळी चीज आहे. ते शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवतं. दोन्हींची नावं सारखी असल्याने लोक एक बंद करतात आणि दुसरं राहतं.)

फास्ट बूट बंद करायला बायोसमध्ये जायचं आणि बायोसमध्ये जायला कीबोर्ड हवा, असा हा पेच. तो माउसने सुटतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, तिथे ‘ॲडव्हान्स्ड स्टार्टअप’समोरचं ‘रीस्टार्ट नाऊ’. निळा पडदा आला की ‘ट्रबलशूट’, मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ (यूईएफआय म्हणजे नव्या पद्धतीचा बायोस) आणि पुन्हा रीस्टार्ट. बटण न दाबता मशीन थेट बायोसमध्ये उघडतं. शेवटचा पर्याय यादीत नसेल तर विंडोज बहुधा यूईएफआयच्या आधीच्या, म्हणजे लेगसी पद्धतीने टाकलेलं आहे, तिथे हा रस्ता नाही.

बायोस उघडल्यावर आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मग फास्ट बूट बंद केलं, ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ आणि ‘एक्सएचसीआय हँड-ऑफ’ या यूएसबीच्या दोन नोंदी चालू केल्या. ‘पोस्ट डिले टाइम’ नावाची नोंदही होती, ती ३ सेकंदांवर नेली. लोगो तेवढा जास्त वेळ थांबतो आणि डोंगलला उठायला सवड मिळते. माझ्या मते या सगळ्या बदलांत सर्वांत कामाचा हाच आहे, आणि त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

इथे एक सावधगिरी जरूर पाळा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायोसमध्ये हात घालण्याआधी विंडोजमधून ते तात्पुरतं स्थगित करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी बिटलॉकरचा पडदा ते ४८ अंक मागेल, तेही कीबोर्डवरूनच. त्या पडद्यावर अंकांची बटणं चालेनात तर एफ१ ते एफ९ म्हणजे १ ते ९ आणि एफ१० म्हणजे शून्य.

एफच्या बटणांवरून आठवलं. बऱ्याच वायरलेस कीबोर्डांवर एफ२ नुसतं दाबलं तर आवाज किंवा उजेड कमीजास्त करण्याचा निरोप जातो. तो निरोप त्या आठ बाइटांत बसत नाही, म्हणून बायोसला काहीच कळत नाही. एफएन धरून एफ२ दाबा. डेल एफ२ ला बायोस आणि एफ१२ ला बूट मेनू (मशीन कशावरून सुरू करायचं त्याची यादी) उघडतं, एचपीला एस्केप किंवा एफ१०. गिगाबाइट आणि एमएसआयच्या बोर्डांना डिलीट, बूट मेनू अनुक्रमे एफ१२ आणि एफ११ वर.

विंडोजही उघडत नाही आणि बायोसही नाही, असं असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल सेल काढून सेटिंग मूळपदावर आणता येतं. वीज काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, सेल काढून पाच मिनिटं थांबा. पण पुढचं लक्षात ठेवा: सेल परत बसवल्यावर बरेच बोर्ड ‘पुढे जाण्यासाठी एफ१ दाबा’ म्हणून थांबून राहतात. म्हणजे कीबोर्डविना केलेला उपाय पुन्हा कीबोर्डवरच येऊन अडतो. शिवाय बायोसमधला डिस्कचा मोड आधी रेड (अनेक डिस्क एकत्र चालवणारा) होता आणि आता एएचसीआय (नेहमीचा) झाला तर विंडोज निळा पडदा दाखवून कोसळतं. म्हणून हे करण्याआधी कोणाकडून तरी वायरचा साधा यूएसबी कीबोर्ड मागून आणा.

माझ्या मशीनवर बायोस जमलं, पेनड्राइव्हवरून उबुंटू चढवलं, डिस्क एन्क्रिप्ट केली. आणि पहिल्याच सुरुवातीला चौथा अडथळा आला. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या मेनूत बाणाची बटणं चालत होती, त्याच्या लगेच पुढच्या पासवर्डच्या पडद्यावर कीबोर्ड मेला. एका पडद्यापूर्वी चालणारा कीबोर्ड पुढच्या पडद्यावर बंद पडतो तेव्हा बायोस, डोंगल आणि बॅटरी यांच्याकडे पाहण्यात अर्थ नाही. ग्रबपर्यंत बटणं बायोसच वाचून देत असतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू झाला की कर्नल यूएसबी स्वतःच्या ताब्यात घेतो आणि मग त्याचे स्वतःचे ड्रायव्हर लागतात. मुख्य डिस्क तर अजून कुलपातच असते. त्यामुळे इनिटरॅमएफएस नावाच्या छोट्या गाठोड्यात जेवढं बांधलेलं असेल तेवढंच हाताशी. माझ्या रिसीव्हरचा ड्रायव्हर त्या गाठोड्यात नव्हता.

वायरचा कीबोर्ड लावून पासवर्ड दिला आणि आत गेलो. टर्मिनलमध्ये एलएसमॉड चालवलं की चढलेल्या मॉड्यूलची (ड्रायव्हरसारख्या कर्नलच्या जोडभागांची) यादी येते. त्यात एचआयडीने सुरू होणारी नावं बघायची. रिसीव्हर बनवणाऱ्या कंपनीचं नाव असलेली दोन मॉड्यूल तिथे सापडली. ती ईटीसी फोल्डरमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्सच्या ‘मॉड्यूल्स’ फाइलमध्ये एका ओळीवर एक अशी जोडली आणि सुडोसह अपडेट-इनिटरॅमएफएस ही आज्ञा वजा-यू लावून चालवली. फेडोरावर हेच काम ड्रॅकटच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये होतं. लगेच रीस्टार्ट करू नका. एलएसइनिटरॅमएफएसने गाठोडं उघडून नावं आत गेली का ते पाहा. एका अक्षराची चूक झाली तरी ते मॉड्यूल आत जात नाही.

तपासणी रीस्टार्टवर उरकली नाही. मशीन बंद करून वायर भिंतीतून काढली, अर्धा मिनिट थांबून पुन्हा लावली. वायरचा कीबोर्ड मागे जोडलेलाच ठेवला होता. लोगो, ग्रब, पासवर्डचा पडदा. वायरलेसवरच्या पहिल्या अक्षराला चौकटीत ठिपका उमटला, तेव्हा वायरचा कीबोर्ड काढला.