सिंगल कॉलमातले चार्ली प्राइड

रविवारची रात्रपाळी म्हणजे आमच्याकडे शिक्षाच. त्यात ते करोनाचं वर्ष. निम्मा डेस्क घरून काम करायचा, ऑफिसात आम्ही तिघंच. १३ डिसेंबर २०२० ला देश-विदेशचं पान माझ्याकडे होतं. एजन्सीच्या बातम्या चाळताना दिसलं, आदल्या दिवशी डॅलसमध्ये अमेरिकन गायक चार्ली प्राइड गेले. वय ८६. करोनाच.

मला जुनी कंट्री गाणी, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडच्या लोकसंगीतातून आलेली गाणी, आवडतात. हे डेस्कवर बोलायची सोय नाही, कारण 'कंट्री'चं 'ग्रामीण' करून मोकळे होणारे लोक आमच्यात आहेत. एरवी चार ओळींत उरकली असती ती बातमी मी दीडशे शब्दांची केली. दोन कॉलम, वर फोटो.

ती कॉपी अजून पाठ आहे. जन्म मिसिसिपीतल्या स्लेजचा, आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे, एकूण अकरा भावंडं. वडिलांनी नाव ठेवलं होतं 'चार्ल'. दाखल्यावर कारकुनाच्या चुकीने 'चार्ली' झालं आणि तेच जगभर गेलं. (प्रूफातल्या चुकीने कुणाचं असं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.) व्हायचं होतं बेसबॉलपटू. मोंटानात ईस्ट हेलेनाच्या धातू गाळण्याच्या कारखान्यात नोकरी केली, तिथल्या टीमकडून खेळले. सामन्याआधी गायचे, त्याचे दहा डॉलर वेगळे मिळायचे. मग आरसीए ही रेकॉर्ड कंपनी, आणि १९७१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर'. जायच्या महिनाभर आधी, ११ नोव्हेंबरला, नॅशव्हिलमध्ये जीवनगौरव घेतला आणि त्याच मंचावर गायलेही.

सगळ्यात महत्त्वाचं मी शेवटच्या परिच्छेदात ठेवलं होतं. १९६६ मध्ये कंपनीने त्यांच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओ स्टेशनांना पाठवल्या त्या फोटोविना. कंट्री म्हणजे गोऱ्यांचं गाणं आणि हा माणूस काळा. आधी आवाज ऐकू दे, चेहरा नंतर. रेकॉर्डीवर नाव छापलं 'कंट्री चार्ली प्राइड'. त्याच वर्षी डेट्रॉइटला ते स्टेजवर आले आणि टाळ्या वाजता वाजता थांबल्या. तेव्हा त्यांनी आपल्या 'कायमच्या रापलेल्या' कातडीवर स्वतःच विनोद करून ती शांतता मोडली.

एजन्सीने रंग पहिल्याच वाक्यात दिला होता. मी तो मुद्दाम खाली नेला. संदर्भासकट येऊ दे, बिल्ला लावल्यासारखा नको.

आमच्या चीफ सबनी, म्हणजे मुख्य उपसंपादकांनी, आधी निघणाऱ्या बाहेरगावच्या डाक आवृत्तीला मथळा दिला : 'पहिले कृष्णवर्णीय कंट्री गायक कालवश'.

"सर, पहिले नाहीत. ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमात डिफोर्ड बेली १९२०च्या दशकात माउथ ऑर्गन वाजवत होते. तेही कृष्णवर्णीय."

"ते गात होते का? नाही ना? मग झालं. अगं, 'पहिले' असल्याशिवाय वाचतंय कोण?"

आमच्या धंद्यात 'पहिला' हा शब्द मिठासारखा टाकतात. पण ते बरोबर होते की मी, यावर वाद घालायला वेळ नव्हता. डाक तशीच गेली. शहर आवृत्तीला चीफ पान एकमध्ये अडकले होते, तेव्हा मी मथळा बदलला : 'कंट्री गायक चार्ली प्राइड यांचे निधन'. माणूस गायक म्हणून गेला, गायक म्हणूनच छापू. स्वतःवर खूश होते मी.

साडेअकराला जाहिरात विभागाने एक उशिराची जाहिरात सरकवली. त्यांना पान कधी सुटतं हे माहीत असतं, आणि म्हणूनच ते तेव्हा येतात. दोन कॉलमचा एक झाला, फोटो उडाला. पान लावणारा ओरडला, "ताई, अजून चौदा ओळी जास्त आहेत!" बातमी शेपटीकडून कापायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी शेवटचा परिच्छेद निवडला आणि डिलीट दाबलं. दोन सेकंद. बारा वाजता पान सुटलं.

सकाळी बाबा अंक वाचत होते. त्यांचं लहानपण यवतमाळकडचं, वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवलेला माणूस. चष्मा वर करून म्हणाले, "हा गवई बघ. आईबाप कापसात राबायचे म्हणे. गोऱ्यांतही असे लोक असतात होय?"

मी अंक त्यांच्या हातून घेतला. फोटो नाही. पूर्ण बातमीत एक शब्द नाही. वर माझा मथळा, 'कंट्री गायक चार्ली प्राइड'. रेकॉर्डीवर कंपनीने छापलं होतं जवळपास तेच.

"बाबा, ते गोरे नव्हते."

"मग तसं लिहायचं ना," म्हणाले आणि अंक परत मागून पान उलटलं.